'कायमचे' म्हणजे किती काळ? केस काढण्याच्या तंत्राची दीडशे वर्षे

"लेसरने केस कायमचे जातात का?" हा प्रश्न खरे तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारायचा. पण त्यातला 'कायमचे' हा शब्द इतिहासाच्या हद्दीत येतो. गेल्या दीडशे वर्षांत हेच आश्वासन चार वेगवेगळ्या तंत्रांच्या नावाने दिले गेले. त्यांपैकी दोन वेळा त्याची किंमत स्त्रियांनी आपल्या त्वचेने आणि मज्जातंतूंनी चुकवली. चौथ्या वेळी तर 'कायमचे' म्हणजे काय याची व्याख्या एका सरकारी यंत्रणेला लिहून द्यावी लागली. आजचा धागा या एका शब्दाच्या प्रवासाविषयी. मोठा आहे, सवडीने वाचावा.

आरंभी एक भेद स्पष्ट करतो. केस वरच्यावर काढणे फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत व्रणावरचे जे साठ उपचार सांगितले आहेत, त्यांत केस काढून टाकणे हाही एक उपचार आहे. जखमेवर केस असतील तर ती नीट भरत नाही, हे त्यामागचे कारण. तिथे दिलेल्या एका लेपात शंखाचे चूर्ण दोन भाग आणि हरताळ एक भाग आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे खनिज. पोथीत लेखनिकाची चूक झाली की तिच्यावर हेच पिवळे खनिज फासून अक्षर झाकत; 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला. (संपाचा हरताळ वेगळा. तो गुजरातीतून आला आणि त्याचा संबंध बाजाराला लागणाऱ्या टाळ्याशी आहे.) जे द्रव्य अक्षरांवर, तेच केसांवर! मात्र अशा लेपाने केसाचा वरचा भाग विरघळतो, खालचे मूळ शाबूत राहते.

आपल्याला जो दिसतो तो केस मृतच असतो. त्याचा जिवंत कारखाना त्वचेखाली, रोमकूपात असतो. प्रत्येक रोमकूप वाढ, ऱ्हास आणि विश्रांती अशा चक्रातून फिरतो, आणि शेजारच्या दोन रोमकूपांचे चक्र एका वेळी एकाच टप्प्यावर असेलच असे नाही. डोक्यावरचा केस काही वर्षे वाढत राहतो, अंगावरचा काही महिनेच. त्यामुळे उपचारानंतर तीन महिने केस उगवला नाही, तर रोमकूप मेला आहे की नुसता झोपला आहे हे कोणीही सांगू शकत नाही. तीन महिन्यांचा हा संशयाचा अवकाश ध्यानात ठेवावा. पुढचा बहुतेक इतिहास त्याच अवकाशात घडला आहे.

मुळावर घाव घालण्याचे पहिले यशस्वी तंत्र सौंदर्यासाठी जन्मलेच नव्हते. अमेरिकेतील सेंट लुइस येथे चार्ल्स मिशेल नावाचे नेत्रवैद्य होते. काही रुग्णांच्या पापण्यांचे केस आत वळत आणि बुबुळावर घासत राहत. चिमट्याने उपटले तरी ते पुन्हा उगवत. मिशेल यांनी बारीक सुई रोमकूपात घालून तिच्यातून विद्युतप्रवाह सोडला आणि आपले अनुभव १८७५ साली प्रसिद्ध केले. ऋण ध्रुवाला जोडलेल्या सुईच्या टोकाशी, शरीरातील क्षार आणि पाणी यांपासून दाहक सोडा तयार होतो आणि तो मुळाला जाळतो. एका वेळी एक केस, एक सुई. काम अत्यंत कंटाळवाणे, थोडे दुखणारे आणि हाताच्या कौशल्यावर अवलंबून. पण मेलेला रोमकूप मेलेलाच राहत असे. पुढे अनेक सुया एकदम वापरणे, उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने मूळ तापवणे अशा सुधारणा झाल्या. तत्त्व तेच राहिले.

या पद्धतीला वेळ फार लागतो, हीच तिची अडचण. हनुवटीवर शेकडो केस असलेल्या स्त्रीला महिनोन्महिने खुर्चीत बसावे लागे. म्हणून १८९६ साली जे घडले, ते अनेकांना दैवी देणगीसारखे वाटले.

राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले ते नोव्हेंबर १८९५ मध्ये. पुढच्या काही महिन्यांतच टेनेसी राज्यातील व्हँडरबिल्ट विद्यापीठात एका मुलाची गोष्ट आली. त्याच्या डोक्यात गोळी लागली होती आणि ती नेमकी कुठे आहे हे शोधायचे होते. मुलावर प्रयोग करण्यापूर्वी तो मोठ्या माणसावर करून पाहावा असे ठरले. विल्यम डडली हे सहकारी स्वतःहून पुढे झाले. भौतिकशास्त्रज्ञ जॉन डॅनियल यांनी क्ष-किरणांची नळी त्यांच्या केसांपासून अवघ्या अर्ध्या इंचावर ठेवली आणि तासभर चालू ठेवली. काचेवर कवटीचे चित्र काही उमटले नाही. एकविसाव्या दिवशी मात्र नळीखालचे सगळे केस गळून पडले आणि दोन इंच व्यासाचे गुळगुळीत टक्कल उरले. डॅनियल यांनी ही हकिकत 'सायन्स' या नियतकालिकाला कळवली आणि अंतिम परिणामाकडे आपण, विशेषतः डडली, उत्सुकतेने लक्ष ठेवून राहू, असेही लिहिले. हा विनोद पुढच्या तीस वर्षांत फार कडवट ठरायचा होता.

त्याच वर्षी व्हिएन्नामध्ये लिओपोल्ड फ्रॉइंड या तरुण डॉक्टराने हे केस गळणे उपचार म्हणून वापरले. सुमारे पाच वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवर मोठी केसाळ जन्मखूण होती. तिला रोज दोन-दोन तास, अनेक दिवस क्ष-किरण दिले गेले. केस गळले. उपचार यशस्वी म्हणून वैद्यकवर्तुळात चर्चा झाली आणि किरणोपचारशास्त्राचा आरंभ म्हणून आजही या घटनेकडे बोट दाखवले जाते. मात्र त्या मुलीच्या पाठीच्या खालच्या भागावर खोल व्रण पडला आणि तो दीर्घकाळ भरला नाही. तिचे पुढे काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण तब्बल सत्तर वर्षांनी डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासले आणि १९६६ साली तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला. ती जगली, तिला मूलही झाले. पाठीवर निबर झालेली त्वचा आणि वाकलेला कणा मात्र आयुष्यभर तिच्यासोबत राहिले. एका उपचाराचा सत्तर वर्षांचा पाठपुरावा वैद्यकाच्या इतिहासात विरळाच. या धाग्यातील अन्य कोणत्याही तंत्राच्या वाट्याला तो आलेला नाही.

क्ष-किरणांनी केस का गळतात? वेगाने विभागणाऱ्या पेशींवर त्यांचा आघात सर्वांत जास्त होतो, आणि रोमकूपातील पेशी अतिशय वेगाने विभागतात. मात्रा थोडी असेल तर केस गळतात आणि काही महिन्यांनी परत येतात. रोमकूप पुरता मारायचा तर मात्रा इतकी वाढवावी लागते की भोवतालची त्वचाही घायाळ होते. ही घायाळ त्वचा लगेच तक्रार करत नाही, इथेच खरी मेख आहे. त्वचा पातळ होणे, रक्तवाहिन्यांची लाल जाळी दिसणे, डाग, खरबरीत चट्टे आणि शेवटी कर्करोग, हे सारे काही वर्षांनी किंवा दशकांनी उगवते. केस तीन आठवड्यांत जातात आणि दुखत मुळीच नाही. विक्रेत्याला याहून सोयीचे वेळापत्रक कोणते हवे?

असा विक्रेता १९२० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये उभा राहिला. डॉ. अल्बर्ट गायसर यांनी 'ट्रायको' नावाची पद्धत बाजारात आणली. यंत्रे ब्यूटी पार्लरना भाड्याने दिली जात आणि ती चालवणाऱ्यांना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण मिळे. त्या डॉक्टर नसत. स्त्रीने लाकडी पेटीसमोर बसायचे, गाल किंवा हनुवटी झरोक्याशी टेकवायची, ठरलेली मिनिटे संपली की यंत्र आपोआप बंद व्हायचे. अशा बैठका पुनःपुन्हा घ्यायच्या. आपले किरण इतके सौम्य की इजा संभवतच नाही, असा दावा होता. अमेरिकेतील अनेक शहरांत ही केंद्रे निघाली.

या स्त्रियांना 'हौशी' म्हणून मोडीत काढण्याची घाई करू नये. त्या काळी स्त्रीच्या चेहऱ्यावरील केसांकडे रोग, विकृती किंवा पुरुषीपणाचे लक्षण म्हणून पाहिले जाई. नोकरी, लग्न, चारचौघांत वावरणे, सगळ्यावर त्याची छाया पडे. सुईने दोन वर्षे लागणारे काम काही बैठकांत होते, तेही न दुखता, आणि सांगणारा माणूस पदवीधर डॉक्टर. यात न फसण्यासाठी त्या स्त्रीने नेमके काय करायला हवे होते, हे मला तरी सांगता येणार नाही.

१९२९ पर्यंत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या पद्धतीने भाजलेल्या, सुरकुतलेल्या चेहऱ्यांविषयी इशारे येऊ लागले आणि थोड्याच काळात ट्रायकोचा व्यवसाय बंद पडला. पण कंपनी बंद पडल्याने त्वचा पूर्ववत होत नाही. अशा रुग्ण पुढची कित्येक वर्षे डॉक्टरांकडे येत राहिल्या. १९४७ साली त्याच नियतकालिकात एक लेख आला. अतिरिक्त केसांसाठी क्ष-किरण वापरणे धोक्याचे आहे, हे त्याच्या शीर्षकातच सांगितले होते. शोधानंतर अर्धशतक उलटल्यावरही ते मथळ्यात सांगावे लागत होते!

तिसरे आश्वासन थॅलियमचे. त्यावर फार रेंगाळत नाही, कारण ते थोडक्यात आटोपले. थॅलियमचे क्षार पोटात गेले की केस गळतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्षात आले होते. लहान मुलांच्या डोक्यावरील गजकर्णासाठी केस गळवण्याचा उपाय म्हणून ते दिलेही जात, आणि मात्रा चुकल्यामुळे मुलांचे मृत्यूही नोंदले गेले. हे सारे माहीत असताना १९३० च्या सुमारास अमेरिकेत 'कोरेम्लू' नावाचे मलम विक्रीस आले. त्यात थॅलियम ॲसिटेट होते. ते ओठावर किंवा हनुवटीवर लावायचे. विष त्वचेतून रक्तात उतरे. ओठावरची लव राहिली बाजूला, डोक्यावरचे केस गळू लागले. पाय असह्य दुखू लागले, काहींना पक्षाघात झाला, काहींची दृष्टी गेली. १९३२ साली कंपनीने दिवाळे काढले तेव्हा तिच्याविरुद्धचे दावे पंचवीस लाख डॉलरांहून अधिक होते, आणि ते भागवायला कंपनीकडे जवळपास काहीच नव्हते.

सरकारला हात घालता आला नाही, कारण १९०६ च्या कायद्यात अन्न आणि औषध होते, प्रसाधने नव्हती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १९३३ साली अशा घातक वस्तूंचे प्रदर्शनच भरवले. वृत्तपत्रांनी त्याला 'भयदालन' असे नाव दिले. त्यात कोरेम्लूही होते. १९३८ च्या नव्या कायद्याने प्रसाधने प्रथमच केंद्रीय देखरेखीखाली आली.

आता लेसर. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. तीनच वर्षांत सिनसिनाटीचे त्वचातज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी नोंदवले की माणकाच्या लेसरने काळ्या केसांसारख्या रंगीत भागांना इजा होते, पण रंगहीन भाग बचावतो. भर उन्हात काळी छत्री तापते आणि पांढरी तितकी तापत नाही, त्यातलाच हा प्रकार. पण त्याला नेमके सूत्र मिळायला आणखी वीस वर्षे गेली. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी सिद्धान्त मांडला : ज्या रंगद्रव्याला मारायचे ते जो रंग जास्त शोषते तो प्रकाश निवडा, आणि त्याचा झोत इतका क्षणिक ठेवा की उष्णता शेजारी पसरण्याआधीच काम संपेल. केसांच्या बाबतीत हे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन.

ऐकायला सुबक, पण केसात एक पेच आहे. रंग असतो केसाच्या दांड्यात आणि कंदात. केस पुन्हा उगवणाऱ्या मूलपेशी मात्र रोमकूपाच्या एका बाजूच्या फुगवट्यात राहतात. उंदरांवरील संशोधनातून हे १९९० मध्ये स्पष्ट झाले. त्या पेशींत रंग जवळजवळ नाही. म्हणजे तापवायचे एकाला आणि मारायचे शेजाऱ्याला. उष्णता थोडी पसरलीच पाहिजे, आणि फार पसरता कामा नये. लेसरचा परिणाम व्यक्तिगणिक इतका का बदलतो, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

बाजारात मात्र घाई झाली. १९९५ मध्ये एफडीएची परवानगी मिळालेले पहिले लेसर-केसतंत्र थर्मोलेस कंपनीचे होते. आधी मेणाने केस उपटायचे, रिकाम्या रोमकूपांत कोळशाच्या कणांचे द्रावण चोळायचे आणि त्या कणांवर लेसर मारायचा. कंपनीने त्यासाठी झगमगीत केंद्रे काढली. १९९७ साली या पद्धतीचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाला : एका बैठकीनंतर सहाव्या महिन्यापर्यंत शरीराच्या प्रत्येक तपासलेल्या भागावर केस पूर्ववत उगवले होते. तीन महिन्यांचा संशयाचा अवकाश म्हणालो होतो, तो हाच.

याच सुमारास बोस्टनमध्ये अँडरसन यांचा गट माणकाचा लेसर थेट केसांवर वापरत होता. स्वयंसेवक अवघे १३, बैठक एकच. सहा महिन्यांनी लक्षणीय घट दिसली ती फक्त तिथे, जिथे केस आधी वस्तऱ्याने काढले होते आणि लेसरची ऊर्जा सर्वाधिक होती. मेणाने उपटलेल्या जागी तसा लाभ झाला नाही, कारण लेसरला पकडायला दांडाच उरला नव्हता. आजही लेसरच्या आधी वॅक्सिंग करू नका असे सांगतात, त्याचे कारण हेच.

दोन वर्षांनी त्यांतील सात जण पुन्हा तपासणीस आले. चौघांमध्ये घट टिकून होती. सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षे या तिन्ही मोजण्यांत लक्षणीय फरक नव्हता. त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा रोमकूप नाहीसे झालेले नव्हते. ते खुजे झाले होते, जाड केसाऐवजी लव उगवण्याइतके. या संपूर्ण कथेतला माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. टिकाऊ परिणाम खरा होता, पण तो बऱ्याच अंशी रोमकूपाच्या मृत्यूचा नव्हता, तर दुर्बलतेचा होता.

१९९८ मध्ये एफडीएने काही लेसरांना एक मोजका दावा करायची मुभा दिली : 'कायमची घट'. निर्मूलन नव्हे. व्याख्या अशी की, एका उपचारमालिकेनंतर पुन्हा उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ स्थिरपणे कमी राहिली पाहिजे. आणि हा काळ रोमकूपाच्या पूर्ण चक्राहून, म्हणजे शरीराच्या भागानुसार चार ते बारा महिन्यांहून, अधिक असला पाहिजे. बारकाईने वाचावे. सगळे केस गेले पाहिजेत असे त्यात कुठेही नाही. आयुष्यभर, असेही नाही. मराठीत 'पर्मनंट' म्हटले की आपल्याला नोकरी आठवते, निवृत्तीपर्यंत कोणी काढणार नाही अशी. कायद्यातला 'पर्मनंट' केसांच्या एका फेऱ्याहून थोडा लांब आहे, इतकेच. जाहिरातीत 'घट' हा शब्द बारीक अक्षरांत जातो आणि 'कायमची' ठळक उरते.

मोजमाप काय सांगते? २००६ च्या कोक्रेन पुनरावलोकनात ११ चाचण्या आणि ४४४ व्यक्ती होत्या. अलेक्झांड्राइट आणि डायोड लेसरांनी शेवटच्या बैठकीनंतर सहा महिन्यांपर्यंत केस सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे दिसले. बहुतेक चाचण्या त्यापलीकडे पाहतच नव्हत्या. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्याने म्हटले की, अनेक बैठकांनंतर सहा महिन्यांपुढेही परिणाम टिकतो याला काही लेसरांच्या बाबतीत पुरावा आहे. पण सर्व केस जाऊन पुन्हा कधीच न आल्याचा पुरावा नाही. क्ष-किरणांसारखे भीषण असे इथे काही नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. लेसरचा प्रकाश पेशीतील गुणसूत्रे मोडणाऱ्या जातीचा नाही. भाजणे, डाग पडणे हे धोके मात्र खरे आहेत.

आणि ते धोके आपल्यासारख्यांना अधिक. मेलॅनिन केसात असते तसे त्वचेतही असते. माणकाचा ६९४ नॅनोमीटरचा प्रकाश सावळ्या त्वचेतच अडतो. केसाआधी त्वचा भाजते. म्हणून आपल्याकडच्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा लेसर अधिक सुरक्षित मानला जातो. तो खोल जातो आणि मेलॅनिन त्याला कमी शोषते. पण कमी शोषणे हे केसातल्या मेलॅनिनलाही लागू होते. सुरक्षितता मिळते ती थोडा परिणाम सोडून देऊन.

दुसरी गोष्ट संप्रेरकांची. लेसर आज असलेल्या जाड केसावर काम करतो. उद्या अँड्रोजेनच्या प्रभावाने शेजारची लव जाड व्हायला लागली, तर त्याचा त्याला काही उपाय नाही. पीसीओएस असलेल्या स्त्रियांना हनुवटीवर अधूनमधून पुन्हा बैठका घ्याव्या लागतात, आणि रजोनिवृत्तीच्या काळातही नवे केस येऊ शकतात. तो जुन्या उपचाराचा पराभव नसतो. ते नवे केस असतात. क्वचित उलटेही घडते. २००० नंतरच्या वैद्यकीय लेखनात अशा रुग्णांची वर्णने येऊ लागली, ज्यांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर प्रकाशोपचारानंतर, उपचारलेल्या भागाच्या कडेने केस वाढले होते. सावळ्या त्वचेच्या आणि संप्रेरकांची तक्रार असलेल्या स्त्रियांत हे अधिक आढळते.

वय वाढते तसा केसातला रंग जातो आणि लेसरचे लक्ष्यच नाहीसे होते. पांढऱ्या केसापुढे कोणताही लेसर निरुपयोगी. हनुवटीवर पांढरे राठ केस आलेली स्त्री आज दवाखान्यात गेली, तर तिच्यासाठी पुढे केली जाते ती बारीक सुई आणि विजेचा प्रवाह. एका वेळी एक केस. सेंट लुइसच्या नेत्रवैद्याने १८७५ साली सांगितलेली पद्धत.

लेखनसीमा.